दुपारी दोन वाजता बाळापाशी कोण असतं?

नऊ महिन्यांच्या मुलीची आई समुपदेशनाला आली, ती ऑफिसात साहेबांची बोलणी खाऊन. कामात तिचं लक्ष नसतं, अशी तक्रार होती. लक्ष मोबाइलवर असायचं. पुण्याजवळच्या एका सोसायटीतल्या पाळणाघराने पालकांना कॅमेऱ्याचं ॲप दिलं होतं आणि ती दिवसभर ते उघडून बसायची. सासूबाई म्हणायच्या, "एवढी धास्ती आहे तर नोकरी कशाला?" नवरा म्हणायचा, "बघूच नकोस, म्हणजे त्रास होणार नाही." तिचा प्रश्न मात्र बहुतेक आयांचा असतो तोच होता. बाळ तिथे खरंच सुरक्षित आहे, की मीच उगाच घाबरतेय? (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"काळजी करू नका" हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. खारघरच्या एका पाळणाघरात 2016 मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली होती. ते चित्रण पाहिलेल्या आईला नुसता धीर देऊन भागत नाही. म्हणून पहिल्या आठवड्याचं काम ठरलं ते असं: कॅमेरा दिवसातून तीनदाच पाहायचा, पाच-पाच मिनिटं. सकाळी साडेदहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी साडेपाच. दिसेल ते वहीत उतरवायचं: खोलीत बाळं किती, मावश्या किती, कोण कसं झोपलंय. "बिचारी वाटली" असं लिहायचं नाही.

वेळा मुद्दाम निवडल्या होत्या. साडेदहाला कुठलंही पाळणाघर छान दिसतं, कारण सगळ्या मावश्या हजर असतात आणि चौकशीला येणारे पालकही तेव्हाच येतात. दोन वाजता मुलं झोपतात आणि मावश्या जेवायला बसतात. साडेपाचला एक जण दाराशी मुलं सोपवत असते, दुसरी दप्तरं भरत असते आणि रांगणारं बाळ कुणाच्याच नजरेत नसतं. नजर चुकण्याचा धोका जास्त असतो तो याच दोन वेळांना.

वहीत निघालं असं: साडेदहाला 7 बाळांमागे 3 मावश्या. दोनला त्याच 7 बाळांमागे एकच मावशी, सलग 40 मिनिटं. मुलगी राईच्या उशीवर, पालथी झोपलेली. सकाळी सोडताना रोज रडते, पण पाळणाघर चालवणाऱ्या ताईंच्या सांगण्याप्रमाणे पाच मिनिटांत खेळायला लागते.

यातलं रडणं तिला सगळ्यात जास्त छळत होतं, आणि काळजीचं कारण तेच सर्वांत कमी होतं. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत आई दिसेनाशी झाली की बाळ रडतं. आपलं माणूस कोण हे त्याला कळायला लागल्याची ती खूण आहे. चुकवून पळायचं नाही, एक पापी, एकच ठरलेलं वाक्य, आणि निघायचं. दारातून परत फिरलं की रडणं नव्याने सुरू होतं.

उशी आणि ती 40 मिनिटं यांच्याबद्दल मात्र तिची भीती अगदी खरी होती. वर्षाच्या आतलं बाळ उताणंच झोपवावं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-दुपट्टा-मऊ खेळणी काहीही न ठेवता. डोकं गोल व्हावं म्हणून दिलेली राईची उशी स्वतः आईनेच घरून पाठवली होती. हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. सांगणारं कुणी नव्हतं, तिचा त्यात दोष नाही.

मावश्यांचं गणित जरा नीट समजून घ्यायला हवं. महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असं प्रमाण आहे. तान्ह्या बाळांना हे अपुरं पडतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या शिफारशीत वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक माणूस धरलं आहे. कारण साधं आहे: आग लागली तर एक बाई दोन्ही कडेवर दोनच बाळं घेऊन जिना उतरू शकते. म्हणून "तुमच्याकडे किती मावश्या आहेत?" या प्रश्नाला अर्थ नाही. "दोन वाजता खोलीत किती असतात आणि एक आली नाही तर तिच्या जागी कोण येतं?" असं विचारायचं.

तिसरी गोष्ट वहीत नव्हती, बोलता बोलता निघाली. तापासाठी ती दप्तरात पॅरासिटामॉलची बाटली टाकून द्यायची आणि फोनवर "अडीच मिली द्या" म्हणायची. बाजारात 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचं सिरप मिळतं आणि 1 मिलीत 100 मिलिग्रॅमचे ड्रॉप्सही. अडीच मिली सिरपमध्ये 60 मिलिग्रॅम औषध जातं, अडीच मिली ड्रॉप्समध्ये 250. बाटली बदलली की डोस चौपट. म्हणून बाटलीवर मुलीचं नाव, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, चिठ्ठीत ताकद आणि मात्रा, आणि पाळणाघराच्या वहीत दिल्याची वेळ व देणारीची सही. सकाळी घरी डोस दिला असेल तर तोही लिहून द्यायचा. अंगात 100.4 फॅरनहाइट ताप असेल तर औषध पाजून पाठवायचंच नाही. औषधाशिवाय 24 तास ताप नसला की मगच. सुट्टी मिळत नाही म्हणून हा नियम सर्रास मोडतो, आणि मग आठवड्यात सगळी खोली आजारी पडते.

ताईंशी बोलायची तिला भीती वाटत होती: दुखावल्या तर राग बाळावर निघेल. वाक्यांचा सराव केला. "तुमचं लक्ष नसतं" ऐवजी, "ताई, दोन वाजता मावशी एकट्या असतात. त्यांना बाथरूमला जावं लागलं तर बाळांपाशी कोण?" ताईंनी आधी "आजवर काही झालं नाही" म्हटलं, दोन दिवसांनी जेवणाच्या पाळ्या सव्वा आणि दोन अशा विभागल्या. उश्या निघाल्या. बाथरूममधली भरलेली बादली रिकामी करून पालथी ठेवायला लागल्या. रांगणाऱ्या बाळाला बुडायला दोन इंच पाणी पुरतं. मावश्यांची पोलीस पडताळणी मात्र तिघींपैकी एकीचीच निघाली. बाकी दोघींसाठी महिन्याची मुदत ठरली.

असं बोलून सगळीकडे भागत नाही. न सांगता गेल्यावर खोलीपर्यंत येऊ देत नसतील, अंगावरच्या वळाचा खुलासा दर वेळी बदलत असेल, बाळ अवेळी गुंगीत असेल, तर चर्चा करत बसू नये. बाळ त्याच दिवशी घरी आणावं, डॉक्टरांना दाखवावं, फोटो काढून ठेवावेत आणि 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावं.

एक शोध तिला उशिरा लागला. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं, हे 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनेच आलं आहे. तिच्या कंपनीत 50 हून कितीतरी जास्त माणसं आहेत. तिने मनुष्यबळ विभागाला लेखी विचारलं आहे, उत्तर यायचंय.

ॲप तिने काढून टाकलेलं नाही. दोनला एकदा उघडते, डोकी मोजते, बंद करते. गेल्या महिन्यात मुलीची आवडती मावशी काम सोडून गेली आणि सकाळचं रडणं पुन्हा सुरू झालं. या वेळी तिने ताईंना पहिला फोन केला तो नवीन मावशींची पडताळणी झाली का, हे विचारायला.