मोआलबोआलला दोन रात्री द्याच

फिलिपिन्सच्या सेबू शहरातून एकाच दिवसात ओस्लोबचे व्हेल शार्क आणि मोआलबोआलच्या तारल्या, म्हणजे सार्डिन मासे, उरकतील का, सोबत आईबाबा आहेत, पोहता कुणालाच येत नाही आणि बाबा शाकाहारी, असा तुमचा प्रश्न. उरकतात. पहाटे तीनच्या आसपास हॉटेलवरून उचलतात आणि रात्री आणून सोडतात. पण आईबाबांचे एवढे हाल कशाला? ओस्लोब सरळ गाळा आणि मोआलबोआलला दोन रात्री राहा.

ओस्लोब गाळा म्हणतोय ते फक्त दगदगीमुळे नाही. तिथल्या तान-आवानला २०११ च्या सुमारास कोळ्यांनी व्हेल शार्कना उयाप हाताने भरवायला सुरुवात केली. उयाप म्हणजे आपला जवळाच म्हणा. त्याचा बघता बघता धंदा झाला. एरवी समुद्रभर भटकणारा एवढा थोरला मासा होडीपाशी तोंड वासून उभा राहतो. मला तर दादरचा कबुतरखाना पाण्यात नेल्यासारखं वाटलं. त्यावर गावाची चूल पेटते, त्यामुळे कोळ्यांना नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण मी पुन्हा जाणार नाही.

मोआलबोआल सेबू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. समोर तान्यॉनची सामुद्रधुनी, पलीकडे नेग्रोस बेटाचे डोंगर. राहायचं ते पानाग्सामा बीचला. नावात बीच आहे म्हणून वाळू शोधू नका, जवळपास नाहीच. १९८४ च्या वादळात गेली म्हणतात. गंमत अशी की या वस्तीचं नाव बासदियोत, म्हणजे थोडी वाळू! खरी वाळू उत्तरेला बासदाकूला, म्हणजे मोठ्या वाळूला. आईंना किनाऱ्यावर निवांत बसायचं असेल तर एक संध्याकाळ तिकडे काढा.

आता तारल्या. किनाऱ्यापासून वीस-तीस मीटर आत गेलं की तळ एकदम तुटतो, विहिरीच्या काठासारखा. त्या कड्याला लागून लाखो तारल्यांचा थवा बारा महिने फिरत असतो. होडी लागत नाही. माझ्या वडिलांना पोहण्याचं ओ की ठो कळत नाही, वय तेव्हा ६६. लाइफ जॅकेट घातलं, गाइडने पुढे धरलेल्या रबरी कड्याला दोन्ही हात घट्ट, आणि तोंड पाण्यात. पहिली पाच मिनिटं मास्कच्या काचेत पाणी शिरतंय म्हणून कुरकुर. मग एकदम गप्प. खाली आधी काळपट ढग दिसतो, तो वळला की सगळा एकदम चांदीसारखा लखलखतो, आणि आपण वर आलो की मधोमध फाटून वाट करून देतो. बाहेर आल्यावर म्हणाले, "एवढं म्हावरं एका जागी, आणि कुणी जाळं टाकत नाही?" आम्ही मालवणचे, दुसरं काय सुचणार.

उतरा सकाळी सातच्या आत. नऊनंतर सेबूच्या गाड्या येतात आणि माशांपेक्षा माणसांचे पायच जास्त दिसतात. गाइडला आधीच सांगा की कुणाला पोहता येत नाही, म्हणजे तो कडं घेऊन येईल. ओहोटीला पायऱ्यांखाली खडक उघडे पडतात. मी शहाणपणा करून अनवाणी उतरलो आणि तळवा कापून घेतला, उरलेले दोन दिवस लंगडत काढले. रबरी बूट इथूनच न्या.

डिसेंबर ते मे बरा. जूननंतर हबागात सुरू होतो, म्हणजे आपलाच नैऋत्य वारा, आणि पश्चिमेचा किनारा असल्याने लाटा थेट अंगावर येतात. अशा दिवशी आईबाबांना पाण्यात उतरवू नका.

बाबांच्या जेवणाचं मात्र अवघड आहे. भाजी म्हणून जे येतं त्यात डुकराचे तुकडे नाहीतर मासळीची चटणी असते, आणि विचारलं तर "थोडंसंच आहे" असं हसून सांगतात. पुसो मिळेल तिथे घ्या: माडाच्या पात्यांच्या विणलेल्या चौकोनी पुडीत शिजवलेला भात. सुरीने मधोमध कापला की पात्यांचा वास येतो. बरोबर आंबा, केळी आणि घरून नेलेलं मेतकूट. बाबांनी दोन दिवस तेवढ्यावर काढले तर तक्रार करणार नाहीत, हे अनुभवाने सांगतो.

शेवटचं, बसचं. सेबूच्या साउथ टर्मिनलवरून सेरेसची पिवळी बस पकडा, तीन-चार तास धरा. पाटीवर "बातो" वाचून लगेच चढू नका. बातोला दोन रस्त्यांनी बस जाते. "बारिली मार्गे" हवी, मोआलबोआल त्याच वाटेवर लागतं. "ओस्लोब मार्गे" वाली बेटाच्या पूर्व किनाऱ्याने जाते, आणि जे गाळा म्हणून एवढं सांगितलं तिथेच नेऊन उतरवेल.