सायन्स फिक्शन रोलप्लेइंग गेमसाठी ताऱ्यांचे आणि ग्रहमालांचे नकाशे काढणारं सॉफ्टवेअर करायचं आहे. पायथन येतं. नकाशा सपाट ठेवू की त्रिमितीय, आणि सुरुवात कुठून करू?

सपाट ठेवा. १९७७ साली आलेल्या 'ट्रॅव्हलर' या रोलप्लेइंग गेमने घालून दिलेली पद्धत अजूनही उत्तम चालते. एक षटकोन म्हणजे एक पार्सेक, साधारण ३.२६ प्रकाशवर्षं. ८ गुणिले १० षटकोनांचा एक सबसेक्टर. प्रत्येक षटकोनासाठी एक फासा टाकायचा, ४ किंवा त्याहून जास्त आला की तिथे जग आहे. म्हणजे ८० षटकोनांत चाळीसेक जगं, आणि एका मोहिमेला ती भरपूर होतात. खरा अवकाश सपाट नसतो हे मान्य, पण टेबलाभोवती बसलेल्या माणसाला नकाशावर बोट ठेवून "इथून तिथे दोन उड्या" (उडी म्हणजे यानाची एका ताऱ्यापासून दुसऱ्याकडे झेप) असं म्हणता आलं पाहिजे. फिरणाऱ्या त्रिमितीय ठिपक्यांवर ते जमत नाही, मी करून पाहिलंय.

खरेच तारे हवे असतील तर हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजमापांची यादी घ्या, तीत १,१८,२१८ तारे आहेत. आर्कसेकंदातल्या पॅरलॅक्सने (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकल्यासारखा दिसतो त्या कोनाने) १ ला भागलं की पार्सेकमध्ये अंतर मिळतं. विषुवांश (ताऱ्याची आकाशातली पूर्व-पश्चिम जागा) तासांत दिला असेल तर १५ ने गुणून अंश करा, मग रेडियन. इथे हमखास चूक होते. पडताळा सोपा आहे: तुमच्या गणितात व्याध आणि प्रश्वा एकमेकांपासून सुमारे ५.२ प्रकाशवर्षांवर आले पाहिजेत.

उड्यांचा मार्ग शोधायला डायक्स्ट्राचा, म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग काढणारा, अल्गोरिदम पुरे. चाळीस जगांसाठी वेगाची चिंता करू नका.

ग्रहमालेच्या आतल्या नकाशात मात्र प्रमाणाचा घोळ होतो. पृथ्वी आणि सूर्य यांच्यात १००० पिक्सेल ठेवले तर पृथ्वी पिक्सेलच्या दहाव्या भागाएवढीही उरत नाही. म्हणून अंतरं लॉगरिदमिक मापावर घ्या आणि ग्रहांचे आकार वेगळ्या मापाने काढा. अंतराचा आकडा तर लिहूच नका, प्रवासाचा वेळ लिहा, कारण खेळाडू विचारतात ते "किती दिवस लागतील?" हेच. अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत न्यायचा आणि उरलेल्या वाटेत कमी करत आणायचा, असं धरलं तर वेळ म्हणजे अंतर भागिले त्वरण, त्याचं वर्गमूळ, गुणिले दोन. पृथ्वी-सूर्याएवढं अंतर १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढ्या) त्वरणाने सुमारे ६९ तासांत कापलं जातं. अंतर चौपट झालं तरी वेळ दुप्पटच होतो. हे कळल्यावर माझ्या खेळाडूंनी बाहेरच्या ग्रहांकडे जायला सुरुवात केली.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसले ते सांगते. तुम्ही जगं रँडम आकड्यांतून तयार करणार, आणि तीच जगं पुन्हा मिळावीत म्हणून सीड, म्हणजे रँडम आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा, ठेवणार. कल्पना जुनी आणि भक्कम आहे: १९८४ च्या 'एलीट' या कंप्युटर गेममध्ये २५६ ताऱ्यांच्या आठ दीर्घिका अवघ्या ४८ बिटांच्या सीडमधून उभ्या राहत. पण एकच सीड घेऊन सगळे आकडे ओळीने ओढत गेलात तर फसाल. आमच्या मोहिमेत तिसऱ्या सत्रात खेळाडूंनी ०४०७ या षटकोनातल्या एका ग्रहावर तळ उभारला. हवा पातळ, समुद्र नाही. त्या आठवड्यात मी वायुग्रहांना कडी द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी रँडमचा एक जादा आकडा मागणारी ओळ घातली. पुढच्या सत्रात एका खेळाडूनं वहीत काढलेला तळाचा आराखडा पुढे सरकवला, आणि माझ्या पडद्यावर त्या जागी महासागर होता. रांगेत मध्येच एकजण घुसला की मागच्या सगळ्यांचे नंबर बदलतात, तसंच झालं होतं.

उपाय असा: प्रत्येक गुणधर्माला स्वतःचं सीड द्या. मोहिमेचं सीड, षटकोनाचा क्रमांक, ग्रहाचा क्रमांक आणि 'हवा', 'पाणी' असं गुणधर्माचं नाव जोडून एक स्ट्रिंग करा, तिचा एसएचए-२५६ (त्याच स्ट्रिंगला नेहमी तोच मोठा आकडा देणारा हॅश) काढा आणि त्यातून आकडा घ्या. मग कडी कितीही वाढवा, पाण्याला धक्का लागत नाही. पायथनचं अंगभूत हॅश फंक्शन मात्र इथे वापरू नका. ३.३ पासून ते स्ट्रिंगसाठी दर वेळी प्रोग्रॅम चालू केला की वेगळं उत्तर देतं.

एवढ्यानंही काम पुरं होत नाही. रोलप्लेइंगमध्ये खेळाडू जग बदलतात आणि गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, बोलता बोलता नवं काही ठरवून जातो. त्यासाठी माहितीचा वेगळा टेबल (तक्ता) ठेवा: षटकोन, ग्रह, गुणधर्म, नवी किंमत, सत्र क्रमांक, आणि खेळाडूंना हे माहीत आहे की नाही. नकाशा काढताना आधी हा टेबल बघायचा. त्यात नसेल तरच सीडकडे जायचं. असं केलं की खेळाडूंचा नकाशा आणि गेममास्टरचा नकाशा एकाच माहितीतून निघतात, हा फायदा वेगळाच.

०४०७ मी त्या वहीवरूनच परत आणला. हवा, पाणी, लोकसंख्या, अशा तीन ओळी भरल्या, सत्र क्रमांक ३. त्यानंतर ग्रह बनवणारा कोड मी दोनदा मुळापासून लिहिलाय, आणि तो तळ अजून कोरड्या जमिनीवरच उभा आहे.