हजार प्रती छापण्याआधी शंभर प्रतींचे पैसे हातात घ्या

तासगाव तालुक्यातल्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेतून अडीच वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, वय ६०. जत भागातल्या शाळांत काढलेल्या वर्षांवर, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांवर, त्यांनी पुस्तक लिहिलंय. पुण्यातल्या एका प्रकाशन संस्थेनं त्यांना पॅकेज दिलंय: २ लाख ७५ हजारांत १,००० प्रती, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), पुण्यात प्रकाशन समारंभ, महिनाभर सोशल मीडियावर प्रचार आणि ऑनलाइन दुकानात नोंद. पुस्तकाची किंमत ३५० रुपये. सांगलीतल्या एका प्रेसचं कोटेशनही त्यांनी जोडलंय: ३०० प्रती ४२ हजार, १,००० प्रती ८५ हजार. पेन्शन ३४ हजार. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख, बचत खात्यात सव्वा लाख आणि पुढच्या महिन्यात सुटणारी ९० हजारांची आरडी. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे. पोस्टातून पैसे काढून पॅकेज घेऊ का, असं त्या विचारतात. शेवटची ओळ अशी: ‘घरात सगळे हौस म्हणतात. मला ती हौस वाटत नाही, राहिलेलं काम वाटतं.’

बाई, तुम्ही शाळेतल्या, म्हणून बाईच म्हणतो. पुस्तक काढा. पोस्टातल्या पैशाला हात लावू नका आणि ते पॅकेज घेऊ नका. आता का ते सांगतो.

आधी पोस्टाचं. तुम्ही लिहिलंय की १५ लाखांतले फक्त तीन लाख काढणार. या योजनेत एका खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही. मुदतीआधी पैसे हवे असतील तर अख्खं खातं बंद करावं लागतं. तुमच्या खात्याला दोन वर्षं चार महिने झालेत, म्हणजे ठेवीच्या १ टक्का कपात. ती तीन लाखांवर नाही, पंधरा लाखांवर, म्हणजे १५ हजार रुपये. उरलेले पैसे परत ठेवाल, पण मग पाच वर्षांची मुदत पहिल्यापासून सुरू. शिवाय २ लाख ७५ हजारांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला २२,५५० रुपये व्याज मिळतं, ते बंद. खात्याच्या राहिलेल्या दोन वर्षं आठ महिन्यांत ते साधारण ६० हजार होतं. पावणेतीन लाखांचं पॅकेज तुम्हाला खरं साडेतीन लाखांना पडतंय.

आणि दर तीन महिन्यांनी येणारे व्याजाचे ३०,७५० रुपये बागेच्या ऑक्टोबर छाटणीला आणि औषधाला जातात, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. बागेचं वर्ष कसं जाईल ते कुणी सांगू शकत नाही. तेव्हा ठरल्या तारखेला येणारा हा पैसा हलवायचा नाही.

आता पॅकेजचा हिशेब. एक प्रत २७५ रुपयांना पडते आणि किंमत ३५० आहे. वरवर पाहिलं तर प्रतीमागे ७५ रुपये सुटतात, हजार प्रतींचे ७५ हजार. तुम्हीही पत्रात हाच आकडा धरलाय. पण दुकानातून किंवा वितरकाकडून विकलेल्या प्रतीचे ३५० तुमच्या हातात येत नाहीत. वितरक आणि दुकानदार मिळून ४५ टक्के कमिशन धरा, कमी-जास्त होतं पण अंदाजाला हा आकडा बरा. तुमच्या हातात राहिले १९२ रुपये ५० पैसे. या दरानं मुद्दल सुटायला १,४२९ प्रती विकाव्या लागतील, आणि छापताय एक हजार! दुकानातून शेवटची प्रत संपली तरी ८२,५०० रुपयांचा खड्डा राहतो. विक्री पडली तर तोटा, असा हा प्रकार नाही. कागदावरच तोटा आहे. पुस्तकं विकून या पॅकेजवाल्यांचं चालत नाही, लेखकाला पॅकेज विकूनच चालतं.

पॅकेजच्या यादीत आयएसबीएनचे ५ हजार लावलेत. भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, केंद्र सरकारची व्यवस्था आहे. लेखक स्वतः प्रकाशक म्हणून ऑनलाइन अर्ज करू शकतो. नातवाला बसवा, तो भरून देईल. ‘कॉपीराइट नोंदणी’ म्हणून जी ओळ आहे तीही सक्तीची नाही. लिहिलेल्या मजकुरावर तुमचा हक्क लिहिल्याक्षणी तयार होतो आणि तुमच्यानंतर ६० वर्षं वारसांकडं राहतो.

सांगलीच्या प्रेसचं कोटेशन मला रास्त वाटतं. पण प्रेसवाले तुम्हाला म्हणाले, ‘बाई, हजार छापल्या तर प्रत ८५ ला पडते, तीनशेला १४० जातात, कशाला महाग घेता?’ हे गणित सगळ्यांना पटतं, मलाही एके काळी पटायचं. त्यात एक चूक आहे. खर्च छापलेल्या प्रतीवर काढायचा नसतो, विकलेल्या प्रतीवर काढायचा असतो. समजा वर्षभरात २५० प्रती गेल्या. हजार छापल्या असतील तर विकलेली प्रत ३४० ला पडली. तीनशे छापल्या असतील तर १६८ ला.

आणि न विकलेल्या साडेसातशे प्रती राहणार कुठं? माझे मामा सांगलीत गावभागात राहायचे. त्यांनी कवितासंग्रहाच्या हजार प्रती काढल्या, स्वस्त पडतात म्हणून. दीडशे-दोनशे वाटल्या-विकल्या. बाकीचे गठ्ठे तपकिरी कागदात, सुतळीनं बांधलेले, दिवाणाच्या खाली आणि जिन्याच्या पोटात. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत गेली. मामा-मामी कपडे आणि देव घेऊन वर गेले, पुस्तकं खालीच. पाणी उतरल्यावर आम्ही साफसफाईला गेलो तेव्हा गठ्ठे इतके फुगले होते की सुतळी कागदात रुतून बसली होती. कापली तरी पानं सुटेनात, विटेसारखा ठोकळा झालेला. मामा एकेक ठोकळा हातात घेऊन खालीवर बघायचे, पान सुटतंय का ते. शेवटी फावड्यानं ट्रॉलीत भरले. घरात एकही प्रत उरली नव्हती. महिन्याभरानं कवठे महांकाळच्या एका शिक्षकांनी विकत घेतलेली त्यांची प्रत आणून दिली, आता तीच मामांकडं आहे. तुमच्या गावात महापूर येत नाही हे मला माहिती आहे. पण वाळवी, उंदीर आणि छपराची ओल सगळीकडं आहे.

तेव्हा ३०० प्रती आणि तुमची आरडी. ९० हजार ही या पुस्तकाची मर्यादा धरा, त्यापुढं एक रुपयाही नाही. बचत खात्यातले सव्वा लाख आजारपणाचे, ते या हिशेबात आणू नका. छपाई ४२ हजार. संपादन आणि मुद्रितशोधन १५ हजार, इथं काटकसर करू नका. शिक्षिकेच्या पुस्तकात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं वाचक लक्षात ठेवतो. मुखपृष्ठ ८ हजार. प्रकाशन शाळेतच करा, पाच हजारांत चहा-नाश्त्यासह होईल, आणि ज्या मुलांवर पुस्तक आहे त्यांच्यापैकी कुणी आज मोठं झालेलं व्यासपीठावर असेल. पुण्याच्या हॉलमध्ये ते होणार नाही. पॅकिंग आणि टपाल ५ हजार. झाले ७५ हजार. उरलेले १५ हजार दुसऱ्या आवृत्तीसाठी बाजूला.

एक बारीक गोष्ट. तुम्ही पानं २४६ लिहिलीत. पुस्तक १६ पानांच्या फॉर्म्यात, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या कागदात, छापतात, २४० म्हणजे बरोबर १५ फॉर्मे. सहा पानांसाठी सोळावा फॉर्मा लागेल किंवा कागद वाया जाईल. पानं मांडणाऱ्या डीटीपीवाल्याला सांगून २४० मध्ये बसवा, आणि काम झाल्यावर छपाईला तयार पीडीएफ आणि मुखपृष्ठाची मूळ फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या. ती नसेल तर पुढच्या आवृत्तीला सगळं परत करून घ्यावं लागतं.

यातून येईल किती? ३० प्रती अभिप्रायाला, पुरस्कारांना आणि कायद्यानं द्याव्या लागणाऱ्या ग्रंथालयांना जातील. १९५४ च्या कायद्याप्रमाणं प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ठिकाणी प्रत पाठवायची असते, आणि इथं प्रकाशक तुम्हीच. राहिल्या २७०. त्यातल्या १७० तुम्ही हातोहात ३०० रुपयांना दिल्या तर ५१ हजार. १०० दुकानातून गेल्या तर १९,२५०. एकूण ७०,२५०. म्हणजे पहिली आवृत्ती पूर्ण संपूनही पाचेक हजार खिशातूनच. हे आधीच सांगतो, कारण ‘पुस्तकातून पेन्शनला जोड’ असं तुम्ही लिहिलंय आणि ते डोक्यातून काढायला हवं. संपादन आणि मुखपृष्ठ हे एकदाच होणारे खर्च आहेत. दुसऱ्या तीनशे प्रतींना फक्त छपाई आणि टपाल लागतं, तिथं वीस-पंचवीस हजार उरतील. कमाई असलीच तर दुसऱ्या आवृत्तीत.

आता विक्री, म्हणजे खरं काम. महिनाभराच्या सोशल मीडिया प्रचारावर पॅकेजवाले जोर देतात. तुमचा वाचक तिथं आहे का? तुमचा वाचक आहे प्राथमिक शिक्षक, माजी विद्यार्थी, शाळांच्या गटाचे केंद्रप्रमुख, डी.एड.ला बरोबर असलेल्या मैत्रिणी. हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत आणि तुम्हाला नावानं ओळखतात. दर रविवारी पुस्तकातला एक प्रसंग, पंधरा-वीस ओळींचा, गटांवर टाका. आठ रविवार. संपूर्ण पीडीएफ कुणालाही देऊ नका, अगदी भावालाही. ती गावभर फिरते आणि परत येत नाही.

आठव्या रविवारनंतर प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करा: ३५० चं पुस्तक २८० ला, यूपीआयवर आगाऊ. आपल्याकडं जुनी पद्धत आहे ही, मोठमोठे ग्रंथ असेच निघालेत. ‘घेणार हं बाई’ म्हणणाऱ्याला मोजू नका, पैसे आलेल्याला मोजा. महिन्यात शंभर जणांचे पैसे आले तर २८ हजार हातात, छपाईचे दोन तृतीयांश तिथंच सुटले. मग तीनशे छापा. या शंभर प्रती २८० च्या असल्यानं वरच्या ७०,२५० मधले दोन हजार कमी होतील, ते परवडतं. चाळीसच आले तर दीडशे छापा. दहा आले तर थांबा आणि मला लिहा, आपण परत बसू. पैसे आगाऊ घेतलेत तर वहीत नाव, रक्कम, तारीख आणि पोच झाल्याची खूण, एवढं हवंच.

पुस्तक आल्यावर शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदांना वेळ मागा, पंधरा मिनिटं बोला, पिशवीत वीस प्रती आणि क्यूआर कोड. औदुंबरला संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, जिल्ह्यात गावोगावी लहान संमेलनं होतात, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव असतो. तिथं जा. अखिल भारतीय संमेलनात मात्र (९९वं आपल्या शेजारी सातारलाच झालं) एका पुस्तकासाठी गाळा भाड्यानं घेऊ नका. ओळखीच्या विक्रेत्याच्या गाळ्यावर दहा प्रती ठेवा. राज्यात दहा हजारांहून जास्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांना अनुदानाचा हप्ता आला की खरेदी होते, पैसे उशिरा येतात पण येतात. आपल्या तालुक्यातल्या ग्रंथपालांना स्वतः भेटा. दुकानदाराला एका वेळी दहाच प्रती, माल दिल्याच्या चलनावर सही घेऊन. पन्नास ठेवल्या तर त्यांची आठवण दोघांनाही राहत नाही.

टपालाचं थोडं बदललंय. पुस्तकांची जुनी सवलतीची नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि कर. तुमचं पुस्तक तिच्या नियमात बसतं का ते तासगावच्या टपाल कार्यालयात एक प्रत दाखवून विचारा. नाही बसलं तर पोस्टेज वेगळं घ्या, स्वतः सोसू नका. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. रॉयल्टीवर, म्हणजे प्रकाशकानं लेखकाला दिलेल्या वाट्यावर, तीन लाखांपर्यंतची आयकर सवलत असते ती जुन्या करपद्धतीत आणि रॉयल्टीला. स्वतः छापून विकलेल्या पुस्तकाचा नफा धंद्याचा धरतात, म्हणून ती वही जपून ठेवा.

आणखी एक दार ठोठावून बघा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्यांचं एकही पुस्तक निघालेलं नाही त्यांच्यासाठी. तुमचं लेखन ललितगद्यात बसेल असं पत्रासोबतच्या चार पानांवरून वाटतं. जाहिरात निघाली की नियम वाचून हस्तलिखित पाठवा. ते निवडलं गेलं तर आरडीचे पैसे तसेच राहतील. पुण्याच्या संस्थेला या आठवड्यातच नकार कळवा, टोकन रक्कम मागत असतील तर ती देऊ नका.

चार पानांतली ती मुलगी, जी ऊसतोडीवरून परत आल्यावर पाटीवर पहिल्यांदा आपलं नाव न लिहिता धाकट्या भावाचं लिहिते, ती मी घरी वाचून दाखवली. प्रकाशनपूर्व नोंदणी सुरू झाली की माझ्या दोन प्रती धरा, एक माझी आणि एक मामांची. पैसे आगाऊ पाठवतो, भेट म्हणून पाठवू नका.