वाचकांचे प्रश्न : क्वेसारच्या प्रकाशातून वायूचा शोध

प्रश्न : अंबाबाईच्या किरणोत्सवात हवेत धूलिकण किंवा बाष्प अधिक असले की मावळतीची किरणे गाभाऱ्यापर्यंत क्षीण होऊन पोहोचतात, हे आम्ही दरवर्षी वाचतो. क्वेसारच्या प्रकाशावरून आरंभीच्या विश्वातील वायूचा अभ्यास याच तत्त्वावर होतो का? वाटेत वायू नेमका कोठे होता, हे कसे कळते?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तत्त्व तेच आहे, परंतु वायूच्या बाबतीत निसर्गाने एक मोठी सोय करून ठेवली आहे. धूलिकणांमुळे कमी-अधिक प्रमाणात सगळाच प्रकाश मंदावतो, त्यामुळे अडथळा देवळालगत होता की दूर क्षितिजावर, हे केवळ गाभाऱ्यातील उजेड मोजून सांगता येत नाही. उदासीन हायड्रोजन, म्हणजे ज्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन जागच्या जागी आहे असा हायड्रोजन, मात्र १२१.६ नॅनोमीटर या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश विशेष जोराने शोषतो, आणि पुढचा सारा हिशेब याच आकड्यावर उभा आहे.

क्वेसार म्हणजे महाकाय कृष्णविवरात पडणाऱ्या द्रव्यामुळे तळपणारे दीर्घिकेचे केंद्र. त्याचा प्रकाश आपल्याकडे येत असताना विश्व प्रसरण पावत असल्याने तरंगलांबी ताणली जाते. या ताणाचे माप म्हणजे ताम्रसृती; तिच्यात एक मिळवला, की तरंगलांबी किती पट झाली ते कळते. ताम्रसृती ३ असलेल्या ढगाने उमटवलेली शोषणरेषा (प्रकाश शोषला गेल्याने वर्णपटात पडणारी काळी रेषा) चौपट ताणून आपल्याला ४८६ नॅनोमीटरला, निळसर हिरव्या भागात दिसते, तर ताम्रसृती २.५ च्या ढगाची रेषा ४२६ ला. रेषेच्या जागेवरून ढगाचे अंतर आणि तिच्या खोली-रुंदीवरून हायड्रोजनचे प्रमाण काढता येते. एकाच क्वेसारच्या वर्णपटात अशा शेकडो रेषा दाटीने उभ्या असतात. हायड्रोजनच्या या १२१.६ नॅनोमीटरच्या रेषेचे नाव लायमन-अल्फा, म्हणून त्यांना ‘लायमन-अल्फा अरण्य’ म्हणतात. मूळ अतिनील प्रकाश आपले वातावरण अडवते, पण ताणला गेल्यामुळेच तो जमिनीवरील दुर्बिणींच्या आवाक्यात येतो, ही मला या साऱ्यातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

१९६५ मध्ये जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी दाखवून दिले, की अवकाशभर उदासीन हायड्रोजन पसरलेला असता, तर सुट्या रेषांऐवजी वर्णपटाचा सलग पट्टाच काळा पडला असता. तेव्हाच्या निरीक्षणात तसे दिसले नाही. अर्थात तो वायू जवळजवळ पूर्णपणे आयनीभूत झालेला, म्हणजे त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे झालेले होते. असा काळा पट्टा २००१ मध्ये, ताम्रसृती ६.२८ असलेल्या क्वेसारच्या केक दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात आढळला. तो काळ विश्वाच्या जन्मानंतर सुमारे नव्वद कोटी वर्षांचा.

येथे सावध राहायला हवे. पट्टा काळा पडला म्हणजे सगळा वायू उदासीन होता, असे ठरत नाही, कारण दहा हजारांत एखादाच अणू उदासीन असला तरी एवढे शोषण होऊ शकते. म्हणून संशोधक पट्ट्याच्या तांबड्या बाजूची कड तपासतात. वायू खरोखरच बहुतांशी उदासीन असेल, तर शोषण त्या कडेपलीकडेही पसरते आणि तेथे प्रकाशाचा हळुवार उतार दिसतो. २०११ मध्ये जाहीर झालेल्या, ताम्रसृती ७.०८५ च्या क्वेसारमध्ये अशा उताराची चिन्हे दिसली, आणि त्यांच्या अर्थाविषयी पुढे बरीच मतमतांतरेही झाली.