आगराच्या पलीकडच्या घरातलं वायफाय जुन्या राऊटरने आपल्या घरात आणता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: आंजर्ल्याला काकांच्या घरी फायबर आलंय, तुमचं घर त्याच आगरात खालच्या अंगाला, साधारण दोनशे फुटांवर. पडवीत फोनला कशीबशी एक कांडी मिळते, माजघरात काहीच नाही. जुना राऊटर पडून आहे, काकांची हरकत नाही आणि मुलीच्या ऑनलाइन शिकवणीसाठी नेट लवकर हवंय.

येईल. मी गुहागरला हेच केलंय. थोरल्या भाऊजींकडे वर रस्त्याला लागून फायबर आहे, आमचं घर खाली, मधे नारळी-पोफळी. मी घरून हिशेबाची कामं करते, त्यामुळे नेट बंद पडलं की काम बंद पडतं.

आधी माझी चूक सांगते, कारण तुम्हीही नेमकी तीच कराल असं तुमच्या प्रश्नावरून वाटतंय. नेट माजघरात हवं होतं म्हणून मी दुसरा राऊटर माजघरात ठेवला. फोनवर भरपूर कांड्या दिसायला लागल्या, पण साधी मेल उघडेना. दोन दिवस मी सेटिंगं बदलत बसले होते. मग लक्षात आलं की त्या कांड्या माझा फोन आणि माजघरातला राऊटर यांच्यामधल्या आहेत. त्या राऊटरला भाऊजींकडून काय ऐकू येतंय, हे फोन दाखवतच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुसरा राऊटर जे ऐकतो तेच पुढे सांगतो. म्हणून नेट हवं असेल त्या खोलीत त्याला ठेवायचं नाही. सिग्नल जिथे अजून धड पोचतोय तिथे ठेवायचं.

ती जागा कांड्यांवरून कळत नाही, त्याला आकडा लागतो. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं फुकटचं अ‍ॅप घ्या. त्यात काकांच्या नेटवर्कच्या नावापुढे उणे आकडा दिसेल, डीबीएममध्ये. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली अडखळायला लागतं आणि उणे ८५ ला नुसतं नाव दिसतं, काम होत नाही. दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते आणि दर दहाला एक दशांश. म्हणजे उणे ६७ आणि उणे ८७ यांत शंभरपट फरक आहे, फोन मात्र त्याला दोन-तीन कांड्यांचा फरक म्हणतो.

मी फोन हातात धरून चालत गेले, दर ठिकाणी अर्धा मिनिट थांबले आणि कॅलेंडरच्या मागे आकडे लिहिले. भाऊजींच्या ओटीवर उणे ४२. आमच्या खळ्यात उणे ६४. पडवीत ७१, ओटीवर दार लावून ७९, माजघरात ८८. अख्ख्या आगरात बावीस आकडे गेले होते आणि खळ्यातून माजघरात यायच्या पंधरा पावलांत चोवीस. अडचण अंतराची नव्हती, चिऱ्याच्या भिंतींची होती. आमचं घर जुनं आहे, भिंती दीड फुटाच्या, आणि चिरा पावसाळ्यात पाणी धरतो. मातीच्या किंवा ओल्या भिंतीतून वायफाय सहज जात नाही.

तेव्हा तुम्ही राऊटरला हात लावायच्या आधी दोन गोष्टी करा, दोन्ही फुकटच्या आहेत. काकांचा राऊटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाजवळ असेल तर तिथून काढून तुमच्या घराकडे तोंड असलेल्या खिडकीत, थोडा उंचावर ठेवायला सांगा. फायबरची तार फार वाकवू नका, ती आत काचेची असते. आणि राऊटरच्या दांड्या सरळ उभ्या करा. दांडीतून सिग्नल तिच्या आजूबाजूला पसरतो, टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जातो, त्यामुळे दांडी तुमच्या घरावर नेम धरल्यासारखी आडवी केली तर नुकसानच होतं. आमच्याकडे एवढ्यानेच खळ्यातला आकडा ६४ वरून ५८ झाला.

मग तुमच्या घरातली काकांकडे पाहणारी खिडकी शोधा. लाकडी खिडकी असेल तर उत्तम. समोर पत्रा नको. पावसाळ्यात पडवीला झड लागू नये म्हणून आपण पत्रे ठोकतो, ते वायफायही अडवतात. त्या बाजूला ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद लावा, त्यातून सिग्नल जवळजवळ जसाच्या तसा जातो.

आता जुन्या राऊटरकडे वळू. त्याच्या पोटावरच्या लेबलवर पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. रिसेटचं भोक टाचणीने दहा सेकंद दाबून धरा, लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन पोर्टला, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या भोकाला, जोडा आणि तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. ऑपरेशन मोड असं काही दिसतं का बघा. त्यात रिपीटर, रेंज एक्स्टेंडर किंवा डब्ल्यूआयएसपी (WISP) यांपैकी काही असेल तर काम सोपं आहे, तिन्हींत राऊटर दुसऱ्याचं वायफाय घेऊन पुढे देतो. काहीच नसेल तर डब्ल्यूडीएस (WDS) शोधा, म्हणजे दोन राऊटर वायफायनेच एकमेकांना जोडायची सोय. पण डब्ल्यूडीएस वेगवेगळ्या कंपन्यांच्या राऊटरमध्ये जमेलच असं नाही, आणि दोन्हीकडे चॅनेल, म्हणजे वायफायची वाट, एकच असावा लागतो. यातलं काहीच नसेल आणि मॉडेल ओपनडब्ल्यूआरटी (OpenWrt) या फुकटच्या फर्मवेअरच्या, म्हणजे राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, यादीत असेल, तर ते टाकून राऊटर कामाला येतो. तेवढा खटाटोप करायचा की नवा साधा राऊटर घ्यायचा, ते तुम्ही ठरवा. मी नवा घेतला असता.

मी डब्ल्यूआयएसपी मोड वापरते. त्यात हा राऊटर काकांच्या वायफायला एखाद्या फोनसारखा जोडला जातो आणि आपलं वेगळं छोटं नेटवर्क तयार करतो. इथे एक अडचण हमखास येते. काकांच्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि तुमच्याही राऊटरचा तोच असेल, तर जोडणी झाली असं दिसतं पण नेट येत नाही. एकाच वाडीत दोन घरांना एकच घरनंबर दिल्यासारखं होतं ते, पत्र कुठे द्यायचं ते कळत नाही. मोड बदलायच्या आधी तुमच्या राऊटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५.१ असा काहीतरी वेगळा करा, सेव्ह करा, नव्या पत्त्याने पुन्हा आत जा. मग स्कॅन किंवा सर्व्हे दाबा, यादीतून काकांचं नेटवर्क निवडा, त्यांचा पासवर्ड घाला. यादीत त्यांची दोन नावं दिसली तर २.४ गिगाहर्ट्झवालं घ्या. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण भिंती आणि झाडांतून जाताना लवकर दमतं.

काकांच्या राऊटरमध्येही एक बदल करून घ्या: २.४ चा चॅनेल आपोआप बदलण्यावर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्का करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ला वेग जास्त दिसतो, पण लांबच्या राऊटरला गोंगाटही दुप्पट ऐकू येतो.

एवढ्यावर नेट येईल. वेग मात्र कमी वाटेल, कारण एकाच पट्ट्यावर (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) ऐकायचं आणि त्याच पट्ट्यावर परत बोलायचं असेल तर निम्मा वेळ ऐकण्यात जातो. राऊटर दोन पट्ट्यांचा असेल तर काकांकडून २.४ वर घ्या आणि घरात ५ वर द्या. माझा एकाच पट्ट्याचा होता. मी खिडकीतल्या राऊटरचं स्वतःचं वायफाय बंद केलं, त्याच्या लॅन पोर्टातून केबल दाराच्या चौकटीवरून माजघरात नेली आणि तिथे दुसरा एक राऊटर नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरून आलेलं नेट फक्त वायफायने पसरवायला, लावला. त्यात डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आपोआप पत्ते वाटायचं काम) बंद, पत्ता १९२.१६८.५.२, आणि केबल लॅन पोर्टात, वॅन म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या भोकात नाही. चिऱ्याची भिंत केबलने ओलांडली, त्यामुळे आता माजघरात १८ ते २० एमबीपीएस मिळतात. शिकवणीला यातलं थोडंसंही पुरतं.

जुलैत आकडा पुन्हा खाली येईल, तेव्हा घाबरू नका. दोनशे फुटांत पावसाच्या सरी वायफायचं फारसं काही बिघडवत नाहीत. बिघडवतात ती ओली झाडं. नारळाच्या झावळ्या आणि पोफळीची पानं पाण्याने निथळत असली की सिग्नल शोषतात. आमच्याकडे उघडिपीत खिडकीत उणे ६१ असतात, भर पावसात ६८-६९. म्हणून मे महिन्यात मोजून काठावर पास झालात तर जुलैत नापास व्हाल. उन्हाळ्यात निदान आठ-दहा आकडे हाताशी ठेवा. दोन खिडक्यांच्या मधल्या रेषेत वाकलेली झावळी असेल तर उतरवून घ्या. नुसती रेषा मोकळी असून भागत नाही, एवढ्या अंतराला मधोमध सगळ्या बाजूंनी सव्वा-दीड मीटर मोकळं लागतं.

खिडकीतही उणे ७५ च्या वर आकडा गेलाच नाही, तर घरगुती राऊटरचा नाद सोडा. बाहेर भिंतीवर लावायचे सीपीई नावाचे डबे मिळतात, एकाच दिशेला पाहणारे. त्यांची एक जोडी, एक काकांच्या आणि एक तुमच्या वळचणीखाली समोरासमोर लावली की दोनशे फूट त्यांना काहीच नाही.

सरळ केबलच टाकली तर, असं कुणीतरी सुचवेलच. नेटवर्कची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे अंतरात बसते. तरीही दोन घरांमधे तांब्याची केबल टाकू नका, असं मी कळकळीने सांगते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा कशा पडतात ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या शेजाऱ्यांकडे अशाच केबलवरून एका रात्रीत दोन्ही घरांचे राऊटर आणि एक टीव्ही गेला. वीज त्यांच्या घरावर पडलीही नव्हती, मागच्या आगरात पडली होती. तारच टाकायची असेल तर फायबरची टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरला नेटवर्कच्या केबलशी जोडणारा डबा, लावून. काचेतून वीज वाहत नाही. आणि गडगडायला लागलं की राऊटरचा अ‍ॅडॅप्टर भिंतीतून काढायची सवय घरात सगळ्यांना लावा.

दिवे जाण्याचा बंदोबस्त दोन्हीकडे हवा. तुमच्याकडे इन्व्हर्टर आणि काकांकडे नाही, तर उपयोग नाही. राऊटरला लावायचे छोटे डीसी यूपीएस मिळतात, फक्त अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. काकांकडे फायबरचा डबा आणि राऊटर वेगळे असतील तर दोघांनाही लागेल.

वायफायची सुरक्षा दोन्हीकडे डब्ल्यूपीए२ (WPA2) आणि पासवर्ड लांब ठेवा, डब्ल्यूपीएस (WPS), म्हणजे बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. जोडणी काकांच्या नावावर आहे, तिच्यावरून कुणीही काहीही केलं तरी विचारणा त्यांना होणार. दुसऱ्या घराला नेट देणं त्यांच्या प्लॅनमध्ये चालतं का, तेही त्यांना एकदा विचारायला सांगा.

आज संध्याकाळी फोन घेऊन काकांची ओटी, तुमचं खळं, पडवी, खिडकी आणि माजघर इथले पाच आकडे टिपा आणि राऊटरच्या पोटावरचं मॉडेल पाहा. दोन्ही इथे लिहिलंत तर कुठला मोड वापरायचा आणि डबा नेमका कुठे ठेवायचा ते मी सांगते.