तुसाची सिलिका इपॉक्सीत गुठळ्या करते, कारण ती आधी वाळवली जाते

तुमचा प्रश्न असा: घोटीच्या राइस मिलमधून भाताचं तूस आणलं, ते जाळून राख कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळली, हायड्रोक्लोरिक आम्लाने सिलिका पाडली, ओव्हनमध्ये वाळवून कोटिंगच्या इपॉक्सी रेझिनमध्ये घातली. कोटिंग पांढरट आणि खरखरीत आलं. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणाऱ्या चाचणीत) शार्प पीक नाही, नुसता फुगवटा दिसतो. सॅम्पल फसलं का?

फुगवट्याची काळजी सोडा. आलेखावर २२-२३ अंश कोनाजवळचा (२θ) तो रुंद फुगवटा म्हणजे सिलिका अस्फटिक आहे, तिच्यात अणूंची नियमित मांडणी नाही, आणि तुम्हाला तशीच हवी. ३१.७ अंशांवर शार्प पीक दिसलं असतं, तर कॉस्टिक आणि आम्लापासून बनलेलं मीठ नीट धुतलं गेलं नाही असं मी म्हटलं असतं. मात्र त्या फुगवट्याला शेररचं सूत्र (पीकच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणारं) लावून कणाचा आकार काढू नका. प्रोजेक्ट रिपोर्टांत हे सर्रास दिसतं आणि ते चूक आहे. ते सूत्र स्फटिकांसाठी आहे. आकार हवा तर टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी) करा.

खरा घोळ ओव्हनमध्ये झालाय. आम्लाने पाडलेल्या ओल्या सिलिकेत, म्हणजे जेलमध्ये, कण सैल जोडलेले असतात. वाळताना त्यांच्यामधलं पाणी आटतं आणि पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. त्यांच्या पृष्ठभागावर सिलेनॉल (Si-OH) गट असतात; ते भिडले की पाणी निघून सिलॉक्सेन (Si-O-Si) बंध तयार होतो. हा रासायनिक बंध आहे. मग खलात कितीही घोटा, सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्रात) तासभर ठेवा, मूळ कण परत मिळत नाहीत. सिलिकाचा अपवर्तनांक १.४६, इपॉक्सीचा साधारण १.५५, एवढ्या फरकावर मोठ्या गुठळ्या प्रकाश विखुरतात, म्हणून पांढरेपणा.

तेव्हा जेल वाळवूच नका. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने गढूळपणा येईनासा होईपर्यंत, म्हणजे मीठ जाईपर्यंत, पाण्याने धुवा, मग सेंट्रिफ्यूज करून दोन-तीनदा इथेनॉलने. त्याच ओल्या अवस्थेत सिलेन लावा, म्हणजे सिलिका आणि रेझिन यांना जोडणारं रसायन. इपॉक्सीसाठी मी ग्लिसिडिल गटाचं सिलेन घेईन. अमिनो सिलेन रेझिनशी आधीच अभिक्रिया करू लागतं आणि मिश्रण घट्ट होतं. नंतर इथेनॉलसकट रेझिनमध्ये मिसळा, व्हॅक्यूममध्ये कोमट ठेवून इथेनॉल पूर्ण काढा, आणि हार्डनर सगळ्यात शेवटी. सिलिकेची सुरुवात वजनाने १ टक्क्यापासून करा.

राखेबद्दल एक. तूस जाळण्याआधी सौम्य आम्लात उकळून धुवा. त्यातलं पोटॅशियम राहिलं तर जळताना सिलिका वितळते, आत कार्बन अडकतो आणि राख काळी येते. जाळण्याचं तापमान ६००-७०० अंश सेल्सिअस. ९०० च्या वर जाऊ नका. क्रिस्टोबलाइट (सिलिकेचं स्फटिक रूप) होऊ लागतं, ते कॉस्टिकमध्ये सहज विरघळत नाही आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. मास्क लावाच, साधी राख हाताळतानाही.

वाळलेली पावडर फेकू नका. अस्फटिक असल्याने ती गरम कॉस्टिकमध्ये पुन्हा विरघळेल. त्या सोडियम सिलिकेटपासून पुढची बॅच सुरू करा.