‘बीगल’नं लढाई कुठली केली?

प्रश्न : डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून गेला ती ब्रिटिश युद्धनौका होती, असं वाचलं. मग तिनं लढाई कुठली केली? पुढं तिचं काय झालं?
– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : समुद्रावर एकही नाही, बाळ. नेपोलियनचा पाडाव करणारी वॉटर्लूची लढाई होऊन पाच वर्षं होत आली होती, तेव्हा ११ मे १८२० रोजी ती वुलिचला थेम्स नदीत उतरली. दहा तोफा, दोन डोलकाठ्या, लांबी ९० फूट. एसटीच्या अडीच गाड्या एकामागं एक लावल्या की झालं जहाज! लढायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून पाच वर्षं नुसती बांधून ठेवली. मग तोफा कमी केल्या, तिसरी डोलकाठी बसवली आणि किनारे मोजायला जुंपली.

हे काम मला ठाऊक आहे. ‘सोलापूरचा आणि नौदलात? पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव बघितलेला माणूस!’ असं ऐकून घेत मी सर्वेक्षण जहाजावर नऊ वर्षं काढली. आम्हाला खोली यंत्र सांगायचं. त्यांच्याकडं दोरीला शिशाचं वजन. गवंड्याच्या ओळंब्यासारखं सोडायचं, ओढायचं, परत सोडायचं. तेही दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीतल्या गारठ्यात. पहिल्याच सफरीत कप्तान स्टोक्स पार खचला. १८२८ मध्ये त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच्या जागी फिट्झरॉय आला, वय २३.

दुसरी सफर (१८३१–३६) डार्विनची. निघण्याआधी फिट्झरॉयनं डेक उंच करून घेतला, वेळ अचूक कळावी म्हणून २२ क्रोनोमीटर (जहाजावरची खास घड्याळं) घेतले. डार्विन चांगला उंच. नकाशाच्या टेबलावर टांगलेल्या झोळीत झोपायचा. पाय मावेनात म्हणून कपाटाचा खण काढून त्या जागेत सारायचा. माझे पाय बंकबाहेर लोंबायचे, तिथं काढायला खणही नव्हता!

तिसरी सफर ऑस्ट्रेलियाची, १८४३ पर्यंत. तिथल्या डार्विन बंदराला ते नाव याच जहाजावरच्यांनी दिलं.

नंतर तिच्या डोलकाठ्या उतरवल्या आणि इंग्लंडमधल्या एसेक्सच्या खाडीत चोरटा माल पकडायला चौकी म्हणून उभी केली. कालवं म्हणजे खायचे शिंपले काढणाऱ्यांनी ‘नदी अडवते’ म्हणून तक्रार केली, तेव्हा काठाला लावली. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक १८५९ मध्ये आलं त्या वेळी ती तिथंच चिखलात होती. १८६३ मध्ये नावही गेलं, ‘डब्ल्यू. व्ही. ७’ एवढा नंबर राहिला. १८७० मध्ये ५२५ पौंडांना भंगारात विकली.